आत्याच्या फ्लॅटला हात लावण्याआधी

प्रश्न असा आहे: कोल्हापुरात ताराबाई पार्कच्या बाजूला, जुन्या झाडांच्या एका सोसायटीत आत्याचा फ्लॅट एका ताईंकडे आला आहे. इमारत 1968 ची, तळमजला आणि वर दोन मजले. फ्लॅट सर्वांत वरचा. वर सपाट गच्ची, पश्चिमेला लांब गॅलरी, जिन्याला सिमेंटची जाळी, खाली मोझॅकची फरशी. गॅलरीच्या आणि बाथरूमच्या छताचे पोपडे पडलेत, गंजलेल्या सळया दिसतात. इंटीरिअर करणाऱ्यानं पाच कामं सांगितली आहेत: हॉल आणि स्वयंपाकघरामधली भिंत काढणं, गॅलरी आत घेणं, मोझॅकवर व्हिट्रिफाइड टाइल, सगळीकडे फॉल्स सीलिंग आणि नवीन वायरिंग. हे करावं, की इमारत बिल्डरच्या हवाली करून मोकळं व्हावं, असं त्या विचारतात.

ताई, तुम्ही पाठवलेले फोटो मी सावकाश बघितले. बत्तीस वर्षं या गावात जुन्या आरसीसी इमारतींची दुरुस्ती करतोय, त्यामुळे तुमची गॅलरी फोटोत दिसली तेव्हा ओळखीचं माणूस भेटल्यासारखं वाटलं. आधी उत्तर देतो, मग कारणं. फ्लॅट ठेवा. पाच कामांपैकी वायरिंगचं काम करा, बाकीची चार करू नका. आणि त्या यादीत नसलेलं एक काम सगळ्यांच्या आधी करा: छत.

सळया दिसतात तिथून सुरुवात करू. बहुतेकांना वाटतं की वरून पाणी गळलं म्हणून पोपडा पडला. तसं नसतं. काँक्रीटमधली सळई एरवी गंजत नाही, कारण सिमेंटमधल्या चुन्यामुळं तिच्याभोवती तीव्र अल्कधर्मी कवच असतं; ताज्या काँक्रीटचा पीएच साडेबाराच्या आसपास असतो. हवेतला कार्बन डायऑक्साइड वर्षानुवर्षं आत शिरत जातो आणि हे कवच मारत जातो. तो सळईपर्यंत पोचला, पीएच 9 च्या खाली उतरला, की सळई उघडी पडल्यासारखीच. मग थोडी ओलही पुरते. गंज मूळ लोखंडापेक्षा दुपटीहून जास्त जागा मागतो, ती मिळाली नाही की खालचं काँक्रीट ढकलून देतो. म्हणजे पोपडा आतून ढकलला गेलाय. ओल ही त्याला मिळालेली मदत.

तुमच्या इमारतीत हे आज व्हावं यात नवल नाही. त्या काळी सिमेंट नियंत्रणाखाली होतं, परमिटवर मिळायचं. 1982 मध्ये ते नियंत्रण थोडं सैल झालं आणि 1989 मध्ये पूर्ण उठलं. मिळालेली पोती पुरवून वापरायची, त्यामुळे स्लॅब पातळ, छज्जे पातळ, सळईखालचं कव्हर, म्हणजे तिला झाकणारा काँक्रीटचा थर, जेमतेम अर्धा इंच. आज आपण स्लॅबला 20 मिमी धरतो. हातानं कालवलेलं 1:2:4 चं (एक भाग सिमेंट, दोन वाळू, चार खडी) काँक्रीट आणि अर्धा इंच कव्हर एवढ्यावर ही स्लॅब पन्नास वर्षांच्या पुढे आली. करणाऱ्यांनी काम मनापासून केलं होतं, म्हणूनच आली.

आता तपासायचं कसं? एक हलकी हातोडी घ्या, लाकडी दांड्याची. स्टुलावर उभं राहून छत हळूहळू ठोकत जा, दर वीतभर अंतरावर. चांगल्या जागी आवाज टणक येतो आणि हातोडी हाताला परत उडते. सुटलेल्या जागी आवाज बद्द येतो आणि हाताला काहीच परत येत नाही. अशा जागांभोवती खडूनं गोल करत जा. एका खोलीला अर्धा तास लागतो, आणि संध्याकाळपर्यंत तुमच्या छताचा नकाशा तयार होतो. पडलेला पोपडा दोन फुटांचा असला तर खडूचा गोल बहुधा पाच फुटांचा निघतो, याची मनाची तयारी ठेवा. डोळ्यांवर चष्मा आणि डोक्याला काहीतरी हवंच.

पुढची परीक्षा इंजिनिअरकडून करून घ्या. ताज्या फोडलेल्या काँक्रीटवर फिनॉल्फ्थॅलिनचं द्रावण फवारतात. जिथं चुना जिवंत आहे तिथं ते गडद गुलाबी होतं, जिथं मेला आहे तिथं रंगच येत नाही. ती गुलाबी रेघ सळईच्या खाली आहे की वर, यावर पुढचा सगळा खर्च ठरतो. रेघ अजून सळईच्या खाली असेल, तर तेवढी जागा नीट रंगवून, कोरडी ठेवून पुष्कळ वर्षं काढता येतात. सळईच्या वर सरकली असेल, तर नुसत्या गिलाव्यानं काही होत नाही.

हे मुद्दाम सांगतोय, कारण पोपडा पाडायचा, वर सिमेंटचा गिलावा ओढायचा आणि पुट्टी मारून रंग द्यायचा, हेच काम सगळीकडे चालतं. दिसायला छान दिसतं. दोन पावसाळे टिकतं. माझ्या पहिल्या काही वर्षांत एका ठेकेदारानं असंच केलेलं काम मी बघायला गेलो होतो. मुलांच्या खोलीतला तो गिलावा रात्री एकदम खाली आला होता, पलंगाच्या अगदी काठाशी. मुलं सुट्टीला आजोळी गेली होती. तो पलंग अजून डोळ्यांसमोर येतो.

नीट काम असं: सुटलेलं काँक्रीट काढायचंच, शिवाय सळईच्या मागे बोट जाईल एवढी जागा करायची. सळई तारेच्या ब्रशनं चकचकीत होईपर्यंत घासायची आणि मग मापायची. 10 मिमीची सळई 8 ची झाली तर नजरेला फारसं जाणवत नाही. पण ताकद क्षेत्रफळात असते. 78 चौरस मिमीचे 50 उरले, म्हणजे तिसऱ्या हिश्श्याहून जास्त लोखंड गेलं. तिथं शेजारी नवी सळई जोडावीच लागते. मग सळईला झिंकयुक्त प्रायमर, आणि पॉलिमर मिसळलेला मसाला थराथरानं, प्रत्येक थराला पाणी मारून. तुमच्या इमारतीच्या काळातल्या सळया बहुधा गुळगुळीत गोल असतील, टोकाला हुक वळवलेल्या. गुळगुळीत सळईची काँक्रीटवरची पकड कमी असते, म्हणून लांबच्या लांब पट्टा एकदम उघडा करू द्यायचा नाही. खाली टेकू लावून, तुकड्यातुकड्यानं. काम करणारा "टेकू कशाला, एका दिवसात उरकतो" म्हणाला तर त्याला नमस्कार करून परत पाठवा.

फॉल्स सीलिंग का नको, ते आता वेगळं सांगायला नको. ज्या छतावर पुढची वीस वर्षं नजर ठेवायची, ते झाकायचं कसं? शिवाय दहा फुटांची उंची आहे तुमच्याकडे. मेमध्ये पंख्याखाली बसलात की तिची किंमत कळेल.

आता गॅलरी. ही माझ्या दृष्टीनं तुमच्या प्रश्नातली सर्वांत धोक्याची गोष्ट आहे.

गॅलरी भिंतीबाहेर नुसती लोंबती आहे, खाली खांब नाही. अशा स्लॅबमध्ये मुख्य सळई वरच्या अंगाला असते, कारण ताण वर येतो. काँक्रीट ओतताना माणसं त्या जाळीवरून चालली असतील तर सळई खाली दबते, आणि दबलेली सळई त्या जागी जवळजवळ निकामी. बाहेरून हे दिसत नाही. दिसते ती एकच खूण: गॅलरीच्या फरशीत, घराच्या भिंतीला लागून, भिंतीला समांतर जाणारी बारीक भेग. खोलीतली स्लॅब खराब झाली तर ती आधी वाकते, पोपडे टाकते, सूचना देते. लोंबती स्लॅब फार सूचना देत नाही.

गॅलरी आत घ्यायची म्हणजे काठावर साडेचार इंची विटांची भिंत, तीन फूट उंच, दोन्ही बाजूंनी गिलावा. हिशेब केला तर दर मीटरला साधारण अडीचशे किलो. तुमची गॅलरी तीन मीटरची दिसते. म्हणजे सातशे-साडेसातशे किलो वजन, तेही नेमकं टोकावर, जिथं ते सगळ्यात जास्त ओढतं. वर स्लायडिंग खिडक्या, आत धुण्याचं मशीन, कोपऱ्यात पाण्याचं पिंप. मूळ इंजिनिअरनं तिथं दोन खुर्च्या, संध्याकाळचा चहा आणि वाळत घातलेले कपडे धरले होते. कठड्याबाहेर लोखंडी जाळी काढून कुंड्या ठेवायचीही फार पद्धत आहे. ओल्या मातीच्या मोठ्या कुंडीचं वजन एकदा उचलून बघा. आणि एसीचं बाहेरचं युनिट छज्जावर ठेवू नका. ते भिंतीला ब्रॅकेटवर लावा.

गॅलरी उघडी ठेवायचं दुसरंही कारण आहे. 1951 पासून चंदीगड उभं राहायला लागलं, आणि ऊन काचेवर पडण्याआधी बाहेरच अडवायचं हा तिथला विचार देशभरच्या सरकारी आणि खासगी आर्किटेक्टांनी उचलला. तुमच्या इमारतीत तो गावातल्या मापानं आलाय. कोल्हापूर साधारण 16.7 अंश उत्तर अक्षांशावर आहे. मेच्या पहिल्या आठवड्यात सूर्य भर दुपारी बरोबर डोक्यावर येतो, शून्य सावलीचा दिवस म्हणतात तो. ऑगस्टच्या पहिल्या आठवड्यात परत येतो. मधले तीन महिने दुपारचा सूर्य उत्तरेकडे कललेला असतो. डिसेंबरात तो दक्षिणेला, 50 अंशांपर्यंतच चढतो. आता तुमच्या दक्षिणेच्या खिडकीवरचा दोन फुटांचा छज्जा बघा. मार्चमध्ये दुपारी त्याची सावली दोन मीटर खाली पडते, अख्खी खिडकी झाकली जाते. डिसेंबरात तीच सावली सत्तर सेंटिमीटरवर थांबते, आणि चार फुटी खिडकीच्या खालच्या भागातून ऊन आत येतं, नेमकं थंडीत हवं तेव्हा. हा छज्जा कुणीतरी कागदावर कोन काढून ठरवलाय.

पश्चिमेला मात्र छज्जाचा उपयोग नसतो, चार वाजताचं ऊन त्याच्या खालून आडवं येतं. म्हणून तिथं खोल गॅलरी आणि तिच्यासमोर झाडं. आपला पाऊसही पश्चिमेकडूनच झोडपतो. गॅलरी हे दोन्ही अंगावर घेते, आणि मागची खोली कोरडी, थंड राहते. ती काचेनं बंद केलीत की ऊन काचेच्या आत येईल आणि रात्रीपर्यंत आतच बसेल. मग एसी लागेल. जिन्याच्या जाळीचंही तसंच. कुणी सभासद पावसाचे शिंतोडे येतात म्हणून तिथं काच बसवा म्हणाला, तर सभेत विरोध करा. त्या जाळीतून जिन्याची गरम हवा वर निघून जाते आणि खालून गार हवा ओढली जाते. दार उघडलं की तुमच्या हॉलमध्ये झुळूक येते ती तिथूनच. जाळीची चार-दोन घरं फुटली असतील, तर एका शाबूत घरावरून साचा करून बारीक खडीत नवी ओतून घेता येतात. गावात हे काम करणारे हात अजून आहेत.

हॉल आणि स्वयंपाकघराची भिंत. दाराच्या चौकटीपाशी तिची जाडी मोजा. गिलाव्यासकट दहा इंच भरली, आणि खोल्यांच्या कोपऱ्यांत खांब पुढे आलेले कुठंच दिसत नसले, तर तुमची इमारत भिंतींवर उभी आहे. त्या काळच्या दोन-तीन मजली इमारती पुष्कळशा तशाच: स्लॅब काँक्रीटची, पण तिचं ओझं विटांच्या भिंतींवर. अशी भिंत काढणं म्हणजे खांब काढणं. बीम टाकून करून देतो म्हणणारे भेटतील, पण त्या बीमची टोकं ज्या जुन्या विटांवर टेकतील, त्यांचं कुणी काही बघत नाही. आणखी एक गोष्ट. कोयनेचा भूकंप 11 डिसेंबर 1967 च्या पहाटे झाला. इथल्या जुन्या माणसांना ती पहाट आठवते. बांधकामाच्या भूकंपविषयक मानकाच्या 2002 आणि 2016 च्या आवृत्त्यांत कोल्हापूर तिसऱ्या, म्हणजे मध्यम धोक्याच्या क्षेत्रात धरलंय. आडवा धक्का येतो तेव्हा तो याच भिंती पेलतात. स्वयंपाकघर मोकळं वाटावं असं तुमच्या मनात आहे ते मला समजतं. भिंतीत आत्याच्या वेळचा ताट-वाट्या देण्याचा झरोका असेल, तर तेवढ्यालाच नीट चौकट करून घ्या.

मोझॅक झाकू नका. मसाल्यावर बसवलेली टाइल दर चौरस मीटरला शंभर किलोच्या आसपास वजन वाढवते, म्हणजे हॉलमध्येच दीड टन. आणि खाली जे आहे ते संगमरवराच्या चुरीचं आहे. आधी खड्डे त्याच रंगाच्या सिमेंटनं भरायचे, मग 60 नंबरच्या दगडापासून चढत्या क्रमानं घासत 320 पर्यंत जायचं, शेवटी ऑक्झॅलिक ॲसिडनं पॉलिश. पहिला दगड फिरला आणि पाण्यानं पुसलं की खालचे पिवळे, काळे, लालसर खडे असे वर येतात, की घरातली माणसं उभी राहून बघत बसतात. एक फुटलेली फरशी मात्र बाजूला जपून ठेवा, रंग जुळवायला लागते. संडास धुण्याचं तीव्र ॲसिड या फरशीवर कधीही टाकायचं नाही. ते सिमेंट आणि संगमरवर दोन्ही खातं.

वायरिंग पूर्ण नवीन करा. जुन्या लाकडी पट्टीवरच्या तारांचं रबर हातात चुरा होतं आणि अर्थिंग बहुधा नसतंच. 30 मिलिअँपिअरचा आरसीसीबी (करंट गळला की वीज तोडणारा स्विच) बसवा. पातळ भिंतींत वायरसाठी आडव्या झिऱ्या (खाचा) मारू देऊ नका, उभ्याच.

बाथरूमच्या छताचा प्रश्न थोडा वेगळा. वर गच्ची आहे, म्हणजे ओल गच्चीतूनच. तुमचा नहाणी ट्रॅप (फरशीतलं पाणी जायचं तोंड) खालच्यांच्या डोक्यावर, तेव्हा त्यांच्या छताकडेही एकदा डोकावून या.

गच्चीवर आधी किती कोबे (गळती रोखायला घातलेले थर) पडलेत ते शोधा. अशा इमारतींत गळती लागली की जुन्यावर नवा कोबा, त्यावर अजून एक, असं चालतं. चार इंची विटांच्या तुकड्यांचा कोबा दर चौरस मीटरला दोनशे किलोच्या घरात जातो, पाणी प्यायला की जास्तच. पाच इंची स्लॅबचं स्वतःचं वजन सव्वातीनशेच्या आत आहे. तिसरा कोबा टाकण्यापेक्षा वरचे काढून एकच, नीट उताराचा करावा. कठड्याच्या मुळाशी गोल वाटा (कोपऱ्यात भरलेली सिमेंटची गोलाई) तुटलाय का ते बघा, पाणी बहुतेक तिथूनच शिरतं. आणि पावसाच्या पाइपांची तोंडं. तुमच्या वसाहतीत गुलमोहर आहे, फोटोत दिसतो. त्याची पानं नखाच्या टोकाएवढी बारीक, जाळीतून आत जातात आणि पाइपच्या वळणावर लगदा होऊन बसतात. वळवाच्या पहिल्या सरीनंतर एकदा आणि मृगाच्या आधी एकदा माणूस वर पाठवून ती काढायलाच हवीत. कठड्याच्या भेगेत पिंपळाचं रोप दिसलं तर नुसतं छाटून उपयोग नाही. भेग फोडून मूळ संपूर्ण काढायचं आणि मसाल्यानं बंद करायची.

म्हणून झाडं तोडा असं कुणी सुचवेल. ऐकू नका. पश्चिमेची ती झाडं तुमची भिंत संध्याकाळी सावलीत ठेवतात. मुळं ड्रेनेजमध्ये शिरली असतील, तर पाइप आधी फुटून पाझरत होता म्हणून शिरली, पाइप बदला. 1975 च्या कायद्यानं शहरातलं झाड तोडायला परवानगी लागतेच, आणि 2021 च्या दुरुस्तीनं पन्नास वर्षांवरच्या झाडाला हेरिटेज वृक्ष म्हणून वेगळं संरक्षण मिळालंय. वसाहतीसोबत लावलेली तुमची झाडं त्यात बसतात. बुंध्याभोवती पेव्हर ब्लॉक घट्ट बसवले असतील तर तेवढे मीटरभर काढायला लावा.

गच्ची, बाहेरच्या भिंती, पाइप हे सोसायटीचं आहे, खर्च सगळ्यांचा. सोसायट्यांच्या आदर्श उपविधींप्रमाणे तीस वर्षांवरच्या इमारतीचं स्ट्रक्चरल ऑडिट, म्हणजे इंजिनिअरकडून मजबुतीची तपासणी, दर तीन वर्षांनी व्हायला हवं. शेवटचं कधी झालं ते सेक्रेटरींना विचारा. झालं नसेल तर सभेत तुम्हीच विषय मांडा, एकट्यानं आपलं छत दुरुस्त करून वरून पाणी येत राहिलं तर पैसे वाया जातील. 2019 आणि 2021 च्या महापुरात आवारात पाणी उभं राहिलं होतं का, हेही विचारा. राहिलं असेल तर तळमजल्याच्या भिंतींचा खालचा भाग आणि मीटर बोर्ड ऑडिटमध्ये खास बघायला सांगा.

बिल्डरचं आता शेवटी. पाडा असं मी स्वतः काही इमारतींना लिहून दिलंय. पाया खचत असेल, बऱ्याच ठिकाणच्या कोअरची (काँक्रीटमधून कापून काढलेल्या नमुन्यांची) ताकद फारच कमी निघाली, भिंतींत वरपासून खालपर्यंत तिरक्या भेगा असतील, तर दुरुस्तीत पैसे घालू नयेत. तुमच्या फोटोंत यातलं काही नाही. पण फोटोंवरून कुणी इमारतीला पास करू नये, मीही करत नाही. ऑडिट हातात येईपर्यंत कशावरही सही करू नका.

तोवर एक काम तुम्हीच करू शकता. पहिला मोठा पाऊस पडेल तेव्हा छत्री आणि टॉर्च घेऊन गच्चीवर जा. पाणी कुठल्या पाइपकडे धावतं आणि कुठं नुसतं उभं राहतं ते बघा. दुसऱ्या दिवशी गच्ची सुकत येते तेव्हा जे डबकं सर्वांत शेवटी उरतं, त्याच्याभोवती ऑइल पेंटनं रेघ मारून ठेवा. गवंडी आला की त्याला आधी ती रेघ दाखवायची.